सामानाची गाडी आणि आपले मूल

स्मरणिकेसाठी आरोग्यावर काही लिहून द्या, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आग्रह केला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. दिवसभर काऊंटरच्या आतून माणसे पाहणे आणि नोटा मोजणे हा माझा व्यवसाय. परंतु आमच्याच घरात एक प्रसंग असा घडला की, त्यानंतर या एका विषयावर चार लोकांना विचारून आणि चार गोष्टी वाचून मी बरीच माहिती गोळा केली. ती आपल्यापर्यंत पोहोचावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवाळीपूर्वीची गोष्ट. मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा असे आम्ही शहरातील एका मोठ्या दुकानात महिन्याचे सामान आणायला गेलो होतो. आपल्या पूर्णाकाठच्या जाफराबादहून असे जाणे आता काही नवलाचे राहिलेले नाही. पगार झाला की अनेक कुटुंबे जातात. दारातच चाकांच्या जाळीच्या गाड्यांची रांग होती. भाचा म्हणाला, "मामा, मला गाडीत बसव." मी त्याला उचलले आणि थेट मोठ्या जाळीत, तांदळाच्या पिशवीवर बसवले. बहीण म्हणाली, "दादा, लक्ष ठेव हं. मी साखर घेऊन आले."

मी तेलाच्या डब्यावरची किंमत वाचायला वळलो. फार तर दहा सेकंद गेले असतील. मागे आवाज झाला. नारळ फरशीवर पडावा तसा तो आवाज होता. पोर समोरच्या फळीवरचा बिस्किटाचा पुडा घ्यायला उभे राहून वाकले होते आणि डोक्यावर पडले होते.

रात्री त्याला दोनदा उलटी झाली. दवाखान्यात नेले, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी चोवीस तास नजरेखाली ठेवले. सुदैवाने पुढे काही झाले नाही. आज पोर ठणठणीत आहे. त्या रात्री बहीण मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, तू तर तिथेच होतास ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

यात दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या गाडीच्या दांड्यावर उभ्या मुलाचे चित्र होते आणि त्यावर लाल रेघ मारलेली होती. मी ते पाहिले नाही. "फॉर्म नीट वाचून सही करा," असे रोज पन्नास जणांना सांगणारा माणूस मी!

ही गाडी आली कोठून?

अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचे एक दुकानदार होते. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे त्यांनी हेरले. घडीच्या खुर्चीवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९३७ साली त्यांनी टोपल्या ठेवायची चाकांची गाडी दुकानात आणली. सुरुवातीला लोक ती घेईनात. मग गाडी ढकलत फिरण्यासाठी त्यांनी पगारी माणसे ठेवली, असे सांगतात. पुढे त्या गाडीला मुलासाठी बैठकही आली. म्हणजे गाडी मुळात सामानासाठी झाली आणि मूल तिच्यात नंतर आले. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे मुंबईत 'अपना बाजार' ही ग्राहक सहकारी चळवळ १९४८ साली सुरू झाली. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईला निघाले. त्यानंतरच्या वीस वर्षांत अशी दुकाने मुंबई-पुण्याबाहेर पडून जिल्ह्याच्या शहरांपर्यंत आली. आपल्या पिढीने लहानपणी आठवडी बाजार पाहिला. तेथे मूल आईच्या कडेवर किंवा बापाच्या खांद्यावर असे. ट्रॉलीत बसून बाजार करणारी आपली मुले ही घरातली पहिलीच पिढी आहे.

मूल पडते का?

याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण मुलाच्या शरीराचे. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा हिस्सा डोक्याचा असतो, तर मोठ्या माणसाचा सुमारे आठवा. लहान मूल वरच्या अंगाला जड असते. त्यामुळे ते वाकले की तोल पुढे जातो आणि पडताना बहुधा डोकेच आधी जमिनीला लागते. पडताना हात पुढे करण्याची सवयही त्याला पुरती लागलेली नसते.

दुसरे कारण गाडीचे. गाडी उंच, पाया अरुंद आणि चाके फिरती. सामान तळाशी असते तोवर ती स्थिर असते. मूल वरच्या बैठकीत बसले किंवा जाळीत उभे राहिले की वजन वर जाते. त्यात थोरले भावंड बाजूच्या जाळीला लोंबकळले तर गाडी मुलासह आडवी होते.

तिसरे कारण जमिनीचे. आपल्या अंगणातली माती पडणाऱ्याला थोडी तरी सांभाळून घेते. दुकानातली गुळगुळीत फरशी सांभाळत नाही.

अमेरिकेतील नेशनवाइड बालरुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० ते २०११ या बावीस वर्षांचा हिशेब मांडला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांखालील अंदाजे ५,३०,४९४ मुलांना या गाड्यांमुळे झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणावे लागले होते. वर्षाला सरासरी चोवीस हजारांहून अधिक. शंभरातील सत्तर दुखापती गाडीतून पडल्यामुळे झाल्या आणि शंभरातील अठ्ठ्याहत्तर डोक्याला झाल्या. त्या देशात २००४ साली गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी ऐच्छिक मानके आली, तरीही दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणजे नियम कागदावर आल्याने काम भागत नाही. दांडा ज्याच्या हातात आहे, त्याचे लक्षही तेथे असावे लागते.

हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु मुलाचे डोके आणि फरशी या दोन्ही गोष्टी येथेही त्याच आहेत.

स्वच्छतेचा प्रश्न

आता दुसरी बाजू. आमच्या बँकेत काऊंटरवर ओला स्पंज ठेवलेला असतो. तो कशासाठी, तर नोटा मोजताना बोट जिभेला लावावे लागू नये म्हणून. नोट किती हातांतून आली हे कोणालाच ठाऊक नसते. ट्रॉलीचा दांडा ही तशीच हजार हातांतून फिरलेली नोट आहे. फरक एवढाच की, आपण नोट चाटत नाही आणि दात येणारे मूल समोरचा दांडा मात्र खुशाल चघळते.

अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी ८५ गाड्यांचे दांडे आणि बैठका तपासल्या. त्यांतील ७२ टक्के गाड्यांवर आतड्यांतून येणाऱ्या जिवाणूंच्या खुणा सापडल्या. शौचानंतर न धुतलेले हात, बैठकीत बसलेल्या बाळाचे ओले कपडे, गळणारी पाकिटे, ही त्याची उघड कारणे. तेथीलच आणखी एका अभ्यासात, तान्ह्या बाळांना होणाऱ्या साल्मोनेला या जुलाबाच्या संसर्गाचा संबंध ट्रॉलीत कच्च्या मांसाशेजारी बसण्याशी आढळला. आपल्याकडे पुष्कळ दुकानांत मांस नसते. परंतु मातीचे बटाटे असतात, फुटलेली दुधाची पिशवी असते, आणि फिनेल, ॲसिड, कपड्याची पावडर हीही त्याच जाळीत असते. फिनेलच्या बाटलीशेजारी मूल बसवणे हा जंतूंहूनही मोठा धोका आहे.

याची उलट बाजूही आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बाहेरच्या रस्त्यावरून आलेली चप्पल घालून आपले मूल ज्या जाळीत उभे राहते, त्याच जाळीत पुढचे गिऱ्हाईक कोथिंबीर ठेवणार असते. आपल्या घरात ताटाजवळ चप्पल आलेली आपल्याला चालत नाही. मग दुसऱ्याच्या भाजीजवळ का चालावी?

तथापि घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी मुलाला दांड्याला हात लावल्याने लगेच आजार होतो, असे नाही. जंतूंवर साबण आणि पाणी हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पडण्यावर मात्र नंतरचा उपाय नाही, तेथे आधीच सावध राहावे लागते. म्हणून दोन्ही गोष्टी जपाव्यात, पण पहिला मान पडण्याच्या भीतीला द्यावा.

आपण काय करावे?

१. मोठ्या जाळीत मुलाला कधीही बसवू नये, उभे तर मुळीच करू नये. ती जागा सामानाची आहे.

२. बसवायचेच असेल तर पाय घालायला भोके असलेल्या बैठकीतच, आपल्याकडे तोंड करून बसवावे. पट्टा असल्यास बांधावा. पट्टा तुटलेला असेल तर दुसरी गाडी मागावी. बैठकीवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचावी.

३. नीट बसता न येणाऱ्या बाळाला कडेवर किंवा झोळीतच ठेवावे.

४. चालता येणाऱ्या मुलाला हात धरून चालवावे. त्याच्या हातात यादी द्यावी, "साबण कोठे आहे, शोध बरं," असे सांगावे. मूल रमते आणि शिकतेही.

५. गाडी सोडून एक पाऊलही जाऊ नये. दोघे मोठे असतील तर एकाने फक्त मूल पाहावे. किंमत दुसऱ्याने वाचावी.

६. थोरल्या मुलांना गाडी पळवू देऊ नये, बाजूला लटकू देऊ नये. सरकत्या जिन्यावर गाडी नेऊ नये.

७. घरून निघताना ओला स्वच्छ रुमाल सोबत घ्यावा. दांडा आणि बैठक पुसून घ्यावी. करोनाच्या काळात, २०२० साली, दारातच गाड्या पुसून देत असत. ती शिस्त आता बऱ्याच ठिकाणी दिसत नाही, पण आपण पाळू शकतो.

८. दुकानात असताना मुलाला खाऊ देऊ नये. बाहेर आल्यावर त्याचे आणि आपलेही हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत, मग खाऊ द्यावा.

९. गाडीचे चाक अडत असेल, पट्टा नसेल, जाळी तुटलेली असेल तर व्यवस्थापकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. सुरक्षितता हा ग्राहकाचा हक्क १९८६ च्या कायद्यानेही मान्य केला होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही केला आहे. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मूल पडलेच तर

प्रथम आपण शांत राहावे. टेंगळावर थंड पाण्याची घडी ठेवावी, तेल लावून चोळू नये. रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या झाल्या, झटके आले, नाकाकानातून रक्त किंवा पाणी आले, अवेळी सुस्ती आली, रडणे थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता तत्काळ दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. पहिले चोवीस तास मुलावर नजर ठेवावी. "रडून गप्प झाला, म्हणजे बरा झाला," हा समज चुकीचा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, शेवटी एक गोष्ट सांगून लेख संपवतो. आम्ही लहानपणी बैलगाडीतून शेतात जात असू. आजी आधी आम्हाला गाडीच्या मधोमध बसवी, पाय आत घ्यायला लावी आणि चाकाकडे हात नेला की हातावर चापट मारी. विहिरीचा काठ, चुलीचा जाळ, जात्याचा खुंटा, प्रत्येक गोष्टीचा नियम तिच्या तोंडी होता. तिला तो तिच्या आजीने दिला होता. या चाकांच्या जाळीचा नियम मात्र कोणत्याही आजीने आपल्याला दिलेला नाही, कारण तिने ती पाहिलीच नाही. तो नियम आता आपल्याच पिढीने करायचा आहे.

परवा आम्ही पुन्हा खरेदीला गेलो. भाचा दारातच म्हणाला, "मामा, गाडीत बसव." मी त्याच्या हातात यादी दिली आणि दुसरा हात धरला. साखरेच्या फळीपर्यंत पोहोचायला नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त लागली. बहीण मागून येत होती. या खेपेला तिने "लक्ष ठेव" असे म्हटले नाही.