पाला जाळू नका, झाडाला परत द्या



सध्या फाल्गुन महिना चालू आहे. शाळेच्या मैदानात कडुलिंबाचा पिवळा पाला पडत आहे. सकाळी झाडले तरी दुपारी पुन्हा तेवढाच पडतो. काही मुले म्हणतात, "हे झाड लई कचरा करतं." मला वाटते, तो कचरा नाही. तो काय आहे आणि शनिवार-रविवारी त्याचे काय करायचे, ते मी या लेखात लिहीत आहे.

पाने कधी गळतात?

इंग्लंड, अमेरिका, जपान अशा थंड हवेच्या देशांत पाने सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत गळतात. तेव्हा आपल्याकडे शरद ऋतू असतो. नवरात्रात आपण केडगावच्या रेणुकामातेच्या देवळात जातो, तेव्हा झाडे हिरवीगार असतात, कारण पावसाळा नुकताच संपलेला असतो. आपली पानगळ शिशिर ऋतूत, म्हणजे माघ आणि फाल्गुन महिन्यांत असते. कडुलिंब, पिंपळ, शिरीष ही झाडे तेव्हा पाने टाकतात. पळसाला तर पाने नसतानाच लाल फुले येतात. आंब्याची पाने एकदम गळत नाहीत, थोडी थोडी गळतात. म्हणून आंबा बारा महिने हिरवा दिसतो.

पाने का गळतात?

पानांना बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग सह्याद्रीच्या आडोशाला आहे. त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. इथे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. सगळी पाने ठेवली तर झाडाचे पाणी संपून जाईल. म्हणून झाड जुनी पाने टाकून पाणी वाचवते.

पण झाड फार हुशार आहे. पान टाकण्याआधी ते पानातले कामाचे अन्न बरेचसे परत काढून घेते. हिरवा रंग मोडतो आणि मग पिवळा रंग दिसू लागतो. देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो आणि तिथून पान अलगद सुटते. तरी पानात थोडे अन्न उरतेच. पान कुजले की ते मातीत जाते आणि मुळांना पुन्हा मिळते.

जाळले तर काय होते?

बरेच लोक पाला गोळा करून काडी लावतात. मैदान लगेच साफ दिसते. पण पाल्यातले नत्र धुराबरोबर उडून जाते. तिथल्या मातीतली गांडुळे आणि किडे मरतात. झाडाचे बूडही भाजते.

धुराचा त्रास माणसांना होतो. माझी धाकटी बहीण तीन वर्षांची आहे. संध्याकाळी गल्लीत कोणी पाला पेटवला, की तिला रात्रभर खोकला येतो. आई दार-खिडकी लावून घेते, तरी धूर आत येतोच. मग आई पण झोपत नाही. गुरुजींनी सांगितले, की २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या देशात उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली आणि ५००० रुपये दंड ठरवला.

शनिवारचे काम : रोपांना पांघरूण

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपार मोकळी मिळते. पाल्यात एकदम हात घालू नये. आधी लांब काठीने पाला हलवावा, कारण खाली विंचू किंवा साप असू शकतो. मग खराट्याने गोळा करून घमेल्यात भरावा. काच, प्लॅस्टिक, दोरे वेगळे काढावेत.

हा पाला रोपाच्या आळ्यात चार बोटे जाड पसरावा. खोडाला मात्र चिकटवू नये, थोडे अंतर ठेवावे. नाहीतर ओलीने खोड कुजते आणि वाळवी लागते.

याचा आम्ही वर्गात प्रयोग केला. दोन रोपांना सारखेच एकेक तांब्या पाणी घातले. एका आळ्यात पाला पसरला, दुसरे उघडे ठेवले. तिसऱ्या दिवशी बोट घालून पाहिले. उघड्या आळ्यातली माती कडक झाली होती. पाल्याखालची माती ओली आणि गार होती.

रविवारचे काम : खताचा खड्डा

उरलेल्या पाल्याचे खत करावे. मोठ्या माणसांच्या मदतीने तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणावा. त्यात वीतभर पाला टाकावा. त्यावर शेणकाला शिंपडावा. वर थोडी माती पसरावी. असे थर देत खड्डा भरावा आणि वरून शेणमातीने लिंपून टाकावा. पाला ओला राहील एवढेच पाणी अधूनमधून घालावे, चिखल करू नये. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ते काळे दिसते, त्याला पावसाळी मातीसारखा वास येतो आणि पाने ओळखू येत नाहीत. आत्ता खड्डा भरला तर पावसाळ्यात रोपे लावताना खत हाताशी येईल.

थोड्या शेणात जास्त खत करण्याची एक पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे शेतकरी नारायणराव पांढरीपांडे यांनी शोधली. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. त्यात जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच विटांचे टाके बांधतात. हवा आत जावी म्हणून भिंतींना भोके ठेवतात. उसाचे पाचटसुद्धा न जाळता शेतातच कुजवावे, असे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगते.

आमची आजी कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून ज्वारीच्या कोठीत घालते. ती म्हणती, "पाला घातला की दाण्याला किडा लागत नाही."

पालकांना विनंती

आपल्या शाळेत गेल्या पावसाळ्यात आम्ही १२ रोपे लावली. त्यांतली ९ जगली आहेत. आत्ता आम्ही प्रत्येक जण बाटलीतले उरलेले पाणी त्यांना घालतो. पण मे महिन्यात सुट्टी असते आणि आम्ही मुले मामाच्या गावाला जातो. तेव्हा पाणी रोज मिळणार नाही. आळ्यांत जाड पाला असला, तर एकदा घातलेले पाणी जास्त दिवस पुरेल.

म्हणून घरापुढचा पाला पेटवू नका. पोत्यात भरून सोमवारी मुलांबरोबर शाळेत पाठवा. पोते रिकामे करून आम्ही संध्याकाळी परत आणून देऊ.

– इयत्ता ४ थी, केडगाव, जि. अहिल्यानगर