जामीनपत्रातील ‘सेव्हरली’

बँकेच्या जामीनपत्रात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हा शब्दप्रयोग बहुधा आढळतोच. जामीनदार दोन असले की, कर्ज थकल्यास आपल्या वाट्याला निम्मी रक्कम येईल, अशी प्रत्येकाची भाबडी समजूत असते. वस्तुतः ‘सेव्हरली’ म्हणजे पृथकपणे. संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल होऊ शकते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. भिडेखातर केलेल्या एका सहीपायी राहते घर पणाला लागते. फाडफाड इंग्रजी बोलणारे तरुणही हा शब्द नजरेआड करून सही ठोकतात. कारण बोलता येणे निराळे आणि वाचता येणे निराळे.

हे वाचणे शिकविते ते साहित्य. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओ हा व्यापारी मित्रासाठी तीन हजार डकॅटचे कर्ज काढतो आणि मुदत टळल्यास स्वतःच्या देहाचे एक पौंड मांस देण्याचा करार लिहून देतो. न्यायालयात पोर्शिया तो करार अक्षरशः वाचते. त्यात मांसाचा उल्लेख आहे, रक्ताचा नाही! शायलॉकची सुरी तेथेच थबकते. व्यापारी घरातील मुलांना दस्तऐवज कसा वाचावा, याचा याहून रंजक धडा क्वचितच मिळेल. तरीही ‘कविता-नाटकांनी पोट भरते काय?’ हा प्रश्न पालकसभेत विचारला जातोच.

आपल्याकडील पूर्वसूरींनी इंग्रजीकडे केवळ नोकरीची शिडी म्हणून पाहिले नाही. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या बंदिवासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम केले. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेटचा चौदा ओळींचा घाट १८९२ मध्ये मराठीत रुजविला. परभाषेच्या अभ्यासाने मातृभाषा दुबळी होते, असे म्हणणाऱ्यांनी या दोघांची मराठी अवश्य वाचावी.

आज मात्र इंग्रजीचा तास बव्हंशी गाइडमधील तयार उत्तरांवर निभावतो. कवितेचा ‘सेंट्रल आयडिया’ पाठ होतो, कविता वाचावयाची राहूनच जाते. शिक्षकांनाच सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे ठरेल. गुणांच्या टक्केवारीपलीकडे घरातून तरी कोण विचारतो? शिकवणीचे शुल्क भरले की पालकांचे कर्तव्य संपले, असा एक सोयीस्कर समज रूढ झाला आहे.

तो न्यायालयातील प्रवेश घरात, भूमिका वाटून, एका संध्याकाळी सहज वाचून होतो. आजोबांनी शब्दकोश सांभाळावा, मुलांनी संवाद म्हणावेत. पोर्शियासाठी कोणी ना कोणी लगेच पुढे होते. शायलॉक कोणी व्हायचे, यावरून मात्र भांडण होते.