लिंबाची चार पानं अळीला

आज आपण बोलू या घराजवळच्या छोट्या बागेबद्दल. जामनेरसारख्या गावातही आता मातीचं अंगण कमी आणि फरशीचं जास्त झालंय. तरी चार-सहा कुंड्या आणि हातभर माती एवढ्यातही चिमणी, मधमाशी, फुलपाखरू येतात.

ती कशाला यायला हवीत? गटाच्या बैठकीत आपण ऐकतो, "डांगराला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही." डांगराची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. ती पहाटे उमलतात, दुपारच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीने पराग पोचवला नाही, तर इवलंसं फळ पिवळं पडून गळतं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे रात्रीचे पतंग हे काम करतात. म्हणजे हे जीव आले, तरच भाजी आली.

मग काय करायचं?

पहिलं, फुलं. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या एकदम खुडू नका, मधमाश्या त्यावर येतात. कोथिंबिरीची दोन रोपं फुलू द्या. त्या फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा खातात.

दुसरं, पाला. ठाण्याजवळ ओवळे गावात ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे. तिथे फुलपाखराला मध देणारी झाडं आहेत, तशीच अळीला पाला देणारीही आहेत. आपल्याकडे लिंबू आणि कढीपत्ता असतोच. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली, तर चिरडू नका. पुढे ती हिरवी होते, कोष करते, आणि त्यातून फुलपाखरू निघतं. झाड मोठं असेल तर चार पानं गेली म्हणून बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा. चिमणी दाणे खाते, पण पिलांना अळ्या-किडेच भरवते, हेही लक्षात असू द्या.

तिसरं, पाणी. आपल्या उन्हाळ्यात मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा. आत एक दगड ठेवा, म्हणजे मधमाशी बुडणार नाही. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डास होतील.

चौथं, औषध. कपाशीवरचं उरलेलं औषध घरच्या झाडांवर मारू नका. ती भाजी आपलीच लेकरं खातात. कीड फारच झाली तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, आणि मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी फक्त त्याच रोपावर फवारा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तुळशीचं किंवा कढीपत्त्याचं एक रोप आणा आणि आपसात वाटून घ्या. एका घरी फुललं, की मधमाशी शेजारच्या वेलावरही जाते.