रेडिओ मुका झाला तर?

पुण्यात कर्वेनगरला आमच्या शेजारी एक आजी राहतात. मूळच्या मुळशीकडच्या. गावी असताना त्या रोज सकाळी आकाशवाणीचे पुणे केंद्र ऐकत. हे केंद्र १९५३ साली सुरू झाले. आजींचा नि त्याचा सहवास फार जुना.

त्यांच्या नातवाने अमेरिकेहून त्यांना एक छोटा रेडिओ आणून दिला. त्याला काटा नाही. पडद्यावर आकडे उमटतात.  पण त्यावर पुणे केंद्र काही लागेना. मुलगा म्हणाला, "बिघडलाय. ठेवून दे." आजी रेडिओ पदराखाली घेऊन आमच्याकडे आल्या. "गुरुजी, बघा ना जरा. पोरानं एवढ्या लांबून आणलाय हो."

आम्ही काही कारागीर नव्हे. पण रेडिओ मुका झाला म्हणजे मोडलाच, असे नसते. आधी आपणच क्रमाने तपासावे.

पहिले, सेल. उलटे बसले आहेत काय? जुना नि नवा सेल एकत्र घालू नये. सेल पाझरला असेल तर त्याला उघडा हात लावू नये. कोरड्या फडक्याने काढावा व टोके पुसावीत.

दुसरे, कुलूप. बटणे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून अशा रेडिओला एक कुलपाचे बटण असते. पडद्यावर कुलपाचे किंवा किल्लीचे चित्र दिसले, तर ते आधी उघडावे.

तिसरे, कानात घालायची वायर. तिचे टोक रेडिओत खोचलेले राहिले, तर बाहेर आवाज येत नाही.

चौथे, एरियल. एफएम ऐकताना बाहेरची दांडी पूर्ण ओढावी. मध्यम लहरींना या दांडीचा उपयोग नसतो. त्यांचे एरियल रेडिओच्या पोटात असते. तेव्हा सगळा रेडिओच हळूहळू फिरवून पाहावा. एका दिशेला आवाज स्वच्छ येतो.

पाचवे, खरखर. एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करून पाहा. सिमेंटच्या घरात भिंतीत लोखंडी सळया असतात. म्हणून रेडिओ खिडकीशी न्यावा.

आजींच्या रेडिओत हे सगळे ठीक होते. एफएमवर १०१ आकडा लावला, तर पुण्याची विविध भारती छान बोलू लागली. मग पुणे केंद्रच का रुसले?

प्रत्येक केंद्राला घराच्या नंबरासारखा एक आकडा असतो. मध्यम लहरींवर पुणे केंद्राचा आकडा ७९२. आम्ही आजींना म्हटले, "बटण दाबत चला आणि आकडे वाचत चला." पडद्यावरचे आकडे इंग्रजी, पण फोन लावून लावून त्यांच्या ओळखीचे झालेले. अक्षरे-आकडे त्या गेल्या वर्षीच शिकल्या. बोट ठेवून वाचू लागल्या, "सातशे ऐंशी. सातशे नव्वद. आठशे." मग थांबल्या. "अहो गुरुजी, मधलं ब्याण्णव कुठं गेलं?"

दोष सापडला! आपल्या देशात मध्यम लहरींचे आकडे ९-९ च्या अंतराने ठेवले आहेत. अमेरिकेत ते १०-१० च्या अंतराने असतात. तिकडचा रेडिओ दहाची ढांग टाकत होता. तो ७९० वरून थेट ८०० वर जाई. ७९२ त्याला ठाऊकच नव्हते.

पुष्कळ रेडिओंत ही ढांग बदलता येते. काहींत रेडिओ बंद ठेवून एक ठरावीक बटण थोडा वेळ दाबून धरावे लागते. कोणते बटण, ते सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. नातवाला फोन करून विचारले. त्याने पुस्तिका पाहून सांगितले. आजींनी बटण दाबून धरले. मग पुन्हा वाचले, "सातशे चौऱ्याहत्तर. सातशे त्र्याऐंशी. सातशे ब्याण्णव." पुणे केंद्र बोलू लागले. आजींनी डोळ्यांना पदर लावला.

रेडिओ पडला, भिजला किंवा गरम होऊ लागला, तर सेल काढून ठेवावेत आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. पण त्याआधी पडद्यावर काय लिहिले आहे, ते एकदा नीट वाचावे. वाचता येते, तर वाचल्यावाचून वस्तू का टाकावी?