राणीच्या बागेतील नवी घरे

भायखळ्याच्या राणीच्या बागेत लहानपणी जाऊन आलेला आणि आज नातवंडांचा हात धरून पुन्हा तेथे जाणारा मुंबईकर आधी प्राणी शोधत नाही, गज शोधतो. लोखंडी गजांची ती ओळ, त्यामागे इकडून तिकडे अखंड फेऱ्या घालणारे जनावर आणि शेंगदाण्याची पुडी हाती घेतलेली गर्दी, असे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनात घट्ट बसलेले आहे. ते चित्र गेल्या दहा वर्षांत मोठ्या प्रमाणात पुसले गेले. गजांच्या जागी जाड काच आली, फरशीच्या जागी माती आणि गवत आले, आणि अनेक वर्षे वाघाविना राहिलेल्या या बागेत पुन्हा वाघ आला.

नव्या प्राण्यांची बातमी होते; घराची होत नाही. वास्तविक प्राण्याचे सुखदुःख ठरते ते घरावरून.

या बागेचे अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’ असे आहे आणि त्यातील शब्दांचा क्रम अर्थपूर्ण आहे. १८६२ मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली ती झाडांची बाग म्हणून. प्राणी नंतर आले. एकूण क्षेत्र सुमारे ५३ एकर. त्यात तीन हजारांहून अधिक झाडे असून त्यांतील कित्येकांना शंभरी उलटून गेली आहे. म्हणूनच २००७ नंतर नूतनीकरणाचा भव्य आराखडा पुढे आला, तेव्हा पहिला विरोध वृक्षप्रेमी नागरिकांनी केला. प्राण्यांना चांगले घर मिळावे याविषयी दुमत नव्हते, पण त्यासाठी बागेचा बळी द्यायचा का, हा त्यांचा प्रश्न होता. पुष्कळ वादानंतर आराखडा आटोपशीर झाला. हे बरेच झाले म्हणायचे. भर उन्हात सिमेंटच्या खडकावर बसलेल्या अस्वलापेक्षा जुन्या झाडाच्या सावलीत पहुडलेले अस्वल अधिक सुखी असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पहिले मोठे आगमन पेंग्विनांचे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत उतरले. पेंग्विन म्हटले की बर्फ डोळ्यांसमोर येतो. हा पक्षी मात्र पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तेथे समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, बर्फ नसतो. त्यामुळे त्यांच्या दालनात तापमान साधारण १६ ते १८ अंश ठेवावे लागते. मुंबईच्या मे महिन्यात हा आकडा राखायचा म्हणजे यंत्रे अहोरात्र चालली पाहिजेत, वीज गेली तरी थांबता कामा नयेत आणि पाणी सतत शुद्ध होत राहिले पाहिजे.

आठांपैकी एक मादी, डोरी, विलगीकरणात असतानाच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूसंसर्गाने दगावली. लोकांनी तिला पाहिलेही नव्हते. उरलेल्या सातांचे दालन मार्च २०१७ मध्ये खुले झाले आणि तेथे अक्षरशः रीघ लागली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले पिल्लू जन्मले. ते आठवडाभरच जगले. पुढे १ मे २०२१ रोजी, महाराष्ट्रदिनी, जन्मलेले ओरिओ नावाचे पिल्लू मात्र तगले, आणि त्यानंतर आणखीही पिल्ले वाढली. पक्षी जोड्या जमवतात, अंडी घालतात, पिल्ले वाढवतात, म्हणजे त्यांची निगा नीट घेतली जाते, एवढे मान्य करावे लागेल. तरीही एक शंका उरतेच. समुद्रात लांबवर पोहत जाणाऱ्या पक्ष्याला अठराशे चौरस फुटांच्या थंड खोलीत सांभाळण्यासाठी एवढी यंत्रणा राबवायची, ती पक्ष्याच्या गरजेसाठी की पाहणाऱ्याच्या हौसेसाठी? पेंग्विन आल्यानंतर १ ऑगस्ट २०१७ पासून प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले, हेही येथे नोंदवावे. आईवडील आणि दोन मुले अशा चौकोनी कुटुंबासाठी शंभर रुपये ठेवले गेले.

त्यामानाने जानेवारी २०२० मध्ये खुली झालेली दालने कमी गाजली. खरे कौतुक मात्र त्यांचेच व्हायला हवे. बिबट्या, अस्वल, कोल्हा, कासव हे आपल्याच मातीतले जीव. बिबटे मंगळुरूजवळच्या पिलिकुला येथून आले. पक्ष्यांसाठी सुमारे ४४ फूट उंचीचे जाळीचे प्रशस्त दालन उभे राहिले. त्यात माणूस आत शिरतो आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून उडतो. जुन्या बागेत पक्ष्याला उडताना पाहणे जवळजवळ अशक्य होते. तो एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर टुणकन जाई, इतकेच. पंख असणे आणि उडता येणे यांतील फरक मुलांना शब्दांनी समजवावा लागत नाही, या दालनात तो दिसतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. ती जंगलातून पकडलेली नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, सिद्धार्थ उद्यानात ती जन्मली होती. तेथे वाघांची वीण चांगली, जागा मात्र अपुरी. मुंबईकडे नवे घर तयार, पण वाघ नाही. अशा वेळी व्यवहार कसा होतो, हे व्यापारी घरांतील वाचकांना रंजक वाटेल. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कोणतेही संग्रहालय वन्यप्राणी घेऊ, देऊ किंवा विकू शकत नाही. देशातील मान्यताप्राप्त संग्रहालये सहसा पैशाने खरेदी-विक्री करीत नाहीत; ती अदलाबदल करतात. वाघांच्या बदल्यात मुंबईने हरणे आणि पक्षी देऊ केले. नाणी पाडली जाण्यापूर्वीची बाजारपेठ पाहायची असेल तर ती आज या क्षेत्रात पाहायला मिळते, आणि तिच्या अडचणीही त्याच जुन्या. जुनागढच्या सक्करबागेतून सिंह आणण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा बदल्यात झेब्रे मागितले गेले. मुंबईकडे झेब्रे नाहीत. ते परदेशातून आणायचे तर पशुरोगांविषयीचे कडक नियम आडवे येतात. आपल्याला हवे ते समोरच्याकडे आहे, पण समोरच्याला हवे ते आपल्याकडे नाही, या पेचाने असे सौदे वर्षानुवर्षे लटकतात.

वाघांची जोडी आली आणि थोड्याच आठवड्यांत टाळेबंदी सुरू झाली. बाग बंद पडली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली. माणसांसाठी तो काळ कठीण होता. नव्या घरात रुळणाऱ्या जनावराला मात्र अनेक महिन्यांची शांतता आपसूक लाभली. नोव्हेंबर २०२१ मध्ये करिश्माला वीरा ही मादी बछडी झाली.

नव्या जागी जनावर कसे रुळवतात, हे पाहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. बाहेरून आलेल्या प्राण्याला प्रथम काही आठवडे वेगळे ठेवतात. रक्त, विष्ठा, भूक, चाल यांवर पशुवैद्यकाची नजर असते. मग तो रात्रीच्या खोलीत जातो. काचेपलीकडे दिसणारे अंगण हा घराचा अर्धाच भाग आहे. मागे खोल्यांची रांग, सरकती दारे आणि उपचारासाठी जनावराला एका जागी स्थिर करता येईल असा अरुंद पिंजरा असतो. जनावराला आधी त्या खोलीचा वास ओळखीचा व्हावा लागतो. तेथे त्याला सुरक्षित वाटले की मगच अंगणाचे दार उघडतात. पहिल्या दिवशी अनेक प्राणी उंबऱ्यावरच थबकतात. जोडीदाराची ओळखही आधी जाळीआडून करून देतात. घाई केली तर एखाद्याच्या जिवावर बेतते.

अंगणाच्या रचनेतही बारकावे असतात. लपायला जागा नसलेले प्रशस्त अंगण लपायला जागा असलेल्या लहान अंगणापेक्षा वाईट. बिबट्याला उंची हवी, ओंडका हवा. अस्वलाला उकरायला माती हवी. त्याचे अन्न ताटात वाढण्याऐवजी फटींत आणि ओंडक्यांत दडवून ठेवले की त्याचा निम्मा दिवस शोधण्यात जातो आणि त्या गोल गोल फेऱ्या कमी होतात. या फेऱ्या म्हणजे कंटाळ्याने आणि कोंडलेपणाने जडलेला विकार. पूर्वी त्याच फेऱ्यांना लोक ‘वाघ काय रुबाबात चालतो’ म्हणून दाद देत. आजही काही दालनांतील सिमेंटचे खडक आणि सजावट ही जनावरासाठी नसून छायाचित्रासाठी आहे, हे लपत नाही. खडकाला तापमान असते. छायाचित्रात ते दिसत नाही.

मांसाहारी प्राण्यांना बहुतेक भारतीय संग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस उपवास घडवतात. जंगलात शिकार रोज मिळत नाही आणि पचनाला विसावा लागतो, हे त्यामागचे कारण. उरलेले दिवस त्यांचा आहार मांसाचाच असतो. जीवदयेचा संस्कार असलेल्या घरांतील मुले याविषयी हमखास विचारतात आणि तो प्रश्न टाळू नये.

याच भायखळ्यात शेठ मोतीशांनी बांधलेले आदीश्वर भगवानांचे मंदिर आहे. शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात उसळलेला क्षोभ त्यामागे होता. पांजरापोळ आणि प्राणिसंग्रहालय यांची तुलना अनेक जण करतात, पण दोहोंची जातकुळी वेगळी आहे. कोणालाच नकोसे झालेले जनावर पांजरापोळीत जाते. ज्याला पाहण्यासाठी लोक तिकीट काढतील ते संग्रहालयात जाते. म्हाताऱ्या, लंगड्या तरसाला काचेच्या दालनात जागा मिळेल का, हा प्रश्न म्हणूनच बोचरा ठरतो.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत जागेचे गणित आणखी अवघड होते. हत्ती शहरातील संग्रहालयांत ठेवू नयेत, त्यांना वनखात्याच्या छावण्यांत हलवावे, असा निर्णय केंद्रीय प्राधिकरणाने २००९ मध्येच घेतला. तरीही अनारकली आणि लक्ष्मी या हत्तिणी राणीच्या बागेतच राहिल्या. लक्ष्मी २०२० मध्ये गेली. कळपाने राहणारी जात, आणि सोबतीला एकमेव मैत्रीण. कितीही उत्तम काच बसवली तरी ५३ एकरांच्या बागेत हत्तीचे घर होऊ शकत नाही. लहान बागेने लहान आणि मध्यम आकाराचे, शक्यतो इथल्याच हवेत वाढणारे प्राणी सांभाळावेत, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. कोल्हा, तरस, उदमांजर, कासव यांना पाहायला रांग लागणार नाही हे खरे. पण त्यांना घर देता येते.

बाग बुधवारी बंद असते. सुट्टीच्या दिवशी दुपारी गेल्यास वाघ सावलीत झोपलेला दिसतो आणि काचेवर थापा मारणारी मुले दिसतात. प्राण्याला चिडवणे, खायला घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. थाप मारणे हे चिडवण्यातच मोडते. सकाळी दार उघडताच आत गेले, पेंग्विनांची रांग सोडून आधी पक्ष्यांच्या दालनाकडे वळले आणि एखाद्या दालनापुढे वीस मिनिटे न बोलता उभे राहिले, तर अस्वल ओंडक्याची साल सोलून आतील काही शोधताना दिसू शकते. प्राणी दिसलाच नाही, तर तो मागच्या झुडपात असेल. नव्या घरात त्याला तशी मुभा आहे.