तांड्याचा ताल, कातड्याचा ताण

रेल्वे येण्यापूर्वी नागपूर आणि वऱ्हाड या भागांतला माल बैलांच्या पाठीवरून जाई आणि तो वाहण्यात बंजारा तांडे आघाडीवर असत. वऱ्हाडचा कापूस त्यांनी पार मिर्झापूरपर्यंत पोहोचवला. किनाऱ्यावरचे मीठही ते देशाच्या आतल्या भागात आणत. या फिरत्या व्यापाराला बंजारे ‘लदेणी’ म्हणतात. १६३२ मध्ये इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला उत्तर भारतात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. असे तांडे दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालत.

सतत वाटेवर असलेल्या या समाजाची वाद्ये मोजकी आहेत: नगारा, डफ आणि थाळी. थाळी काशाची. तांब्यात सुमारे पाचवा हिस्सा कथील मिसळले की कासे कठीण होते. अशा धातूत कंपनांची ऊर्जा लवकर विरत नाही, म्हणून काठीचा एक टोला बराच वेळ घुमतो.

डफ वाजवण्याआधी शेकोटीवर धरतात. कातड्याने हवेतला ओलावा शोषला की ते सैल पडते आणि आवाज बसतो. उष्णतेने ओलावा निघून जातो, कातडे आक्रसते आणि ताण वाढतो. ताण चौपट झाला तर कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे स्वर बरोबर एका सप्तकाने चढतो.

नगाऱ्याची करामत त्याच्या बंद भांड्यात आहे. नुसते कातडे कंप पावले तर पुढच्या व मागच्या बाजूच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारक ठरतात आणि खर्जाचा आवाज क्षीण होतो. भांडे मागची लहर अडवते, त्यामुळे नगारा दूरवर ऐकू जातो. शिवाय कातड्यालगतच्या हवेच्या भारामुळे त्याची मुख्य कंपने साधारण २ : ३ : ४ अशा सुरेल प्रमाणात येतात आणि ठोक्यातून स्वर ओळखू येतो.

हे वाद्यही वाटांवरूनच पसरले. नगारा हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला, त्याच्या मुळाशी ठोकण्याचा अर्थ आहे. १३व्या शतकात धर्मयुद्धांच्या काळात जोडनगारे युरोपात पोहोचले. तिथल्या वाद्यवृंदातील टिंपनी याच कुळातली.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे लदेणी ओसरली, तांडे स्थिरावले. गाणी मात्र बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच राहिली. होळीला डफाच्या तालावर ‘लेंगी’ गीते रंगतात. लग्नात नवरी ‘ढावलो’ हे विलापगीत गाते. सासरी निघताना तिने सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभे राहून निरोपाचे गीत गाण्याची रीत होती. लदेणीचा बैल असा गाण्यात टिकला. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. त्याच्या इमारतीला आकार दिला आहे तो नगाऱ्याचाच.