पत्र्याला आच न लावता

सकाळी ७.३०

शटर उघडल्यावर गाडीकडे जाण्याआधी मी कालची वाटी पाहतो. ठिगळ चिकटवताना कालवलेल्या इपॉक्सीतला थोडा भाग मुद्दाम तिच्यात उरवलेला असतो. त्यात नख रुतलं तर पत्र्याला अजून वेळ द्यायचा, घसरलं तर पुढचं काम सुरू करायचं. आज नख घसरलं.

गाडी आहे गुरुजींची मारुती ८००. मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानी गंजाने खाल्ल्या आहेत. डावी काल चिकटवली, उजवी आज. दिवाळी झाली आहे आणि रत्नागिरीची हवा आता कुठे कोरडी होऊ लागली आहे. चिकटवायचं काम मी पावसाळ्यात घेत नाही. तेव्हा पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर ओलीचा पातळ थर असतो आणि गोंद पत्र्याऐवजी त्या ओलीला धरतो.

सकाळी ८.१५

उजवं चाक काढून कमान आतून गोड्या पाण्याने धुतो. नव्या पोराला वाटतं, आधी घासावं आणि मग धुवावं. पण खार आधी जायला हवा. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरतात. मीठ त्या पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, म्हणून गंज झपाट्याने चढतो. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. समुद्रकाठच्या गाडीचे सांधे भर उन्हाळ्यातही आतून ओले राहतात ते यामुळे.

कमानीच्या काठावर आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकत्र दुमडलेले असतात. चाकाने उडवलेला चिखल त्या दुमडीत बसतो आणि सुटत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंग बाहेर ढकलला जातो. मालकाला बाहेर नखाएवढा फुगवटा दिसतो, तेव्हा आतला पत्रा तळहाताएवढा गेलेला असतो.

सकाळी ९.३०

गॉगल, मास्क, हातमोजे. ग्रायंडरला तारेचा ब्रश लावून रंग उतरवतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबत जातो. टोक आत गेलं की ती जागा गेली असं समजायचं. खडूची रेघ भोकाच्या काठावरून मारायची नाही. चांगला, चमकणारा पत्रा सुरू होतो तिथून मारायची. भोक रुपयाएवढं असलं तरी कापलेली जागा पोस्टकार्डाएवढी होते. गुरुजी बघायला आले असते तर त्यांचा जीव खाली-वर झाला असता. पण सडक्या काठावर चिकटवलेलं ठिगळ त्या काठासकट गळून पडतं.

मी वेल्डिंग का करत नाही, हे लोक विचारतात. या पत्र्याची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. गंजाने तो आणखी पातळ झाला की वेल्डिंगच्या आचेने नवी भोकं पडतात. पत्रा तापून वाकडा होतो. पाठीमागचा रंग आणि संरक्षक थर जळतो, आणि तिथे हात पोचत नसल्याने पुन्हा लावता येत नाही. नवा गंज तिथूनच सुरू होतो. पेट्रोलची टाकी, वायरी आणि सीटचा फोम जवळ असतात, तो धोका वेगळाच.

सकाळी ११.००

मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहणाऱ्या ताईंची एक ओम्नी व्हॅन येते. मासळीच्या क्रेटमधून गळणारं खारट बर्फाचं पाणी रबरी मॅटखाली साचून राहिलं आहे. मॅट उचलल्यावर तळाच्या पत्र्याची जाळी झालेली दिसते.

“दादा, परवा पहाटे गाडी बंदरावर लागते. चिकटवून द्या ना सगळं.”

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मी पत्रा ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. मधली भोकं चिकटवण्याजोगी आहेत. पण कडेला, सीटबेल्टच्या बोल्टभोवती, आवाज बद्द येतो.

“ताई, मधलं मी करतो. ही कडेची जागा वेल्डिंगवाल्याकडेच न्यावी लागेल. अपघातात माणसाचं सगळं वजन या बोल्टवर येतं.”

जीपसारख्या गाडीला वेगळी चॅसी असते. ओम्नी आणि ८०० यांना ती नाही. बॉडीचा पत्राच गाडीचा सांगाडा असतो. म्हणून दाराखालची सिल, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, जॅक लावायची जागा, सीट आणि बेल्टचे बोल्ट, एवढ्या ठिकाणी मी गोंदाचं नाव काढत नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या वार्षिक तपासणीत बेल्ट, सस्पेन्शन अशा जोडांपासून ३० सेंटिमीटरपर्यंतचा भार पेलणारा पत्रा मजबूत आहे का ते पाहतात. तो नियम आपल्याकडचा नाही, पण खडूचं वर्तुळ मी तेवढंच काढतो.

ताईंना आधी वेल्डिंग करून यायला सांगतो. क्रम उलटा झाला तर त्या आचेने माझा गोंद जळून सुटेल. परवाची खेप त्यांना दुसऱ्या गाडीने करावी लागणार. त्या नाराज होतात, पण बोल्टजवळचा पत्रा स्वतः बोटाने दाबून पाहतात आणि गाडी वळवतात.

दुपारी १२.००

कमानीच्या दुमडीत ब्रश पोचत नाही. तिथे गंज बदलणारं रसायन सोडतो. काहींत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिन गंजातल्या लोखंडाशी बांधलं जातं आणि निळसर काळा, टिकाऊ थर तयार होतो. हिरड्याचं पाणी आणि हिराकस मिसळून पूर्वी काळी शाई करत, तीही याच क्रियेने काळी होई. सह्याद्रीतला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हे रसायन सुटे पोपडे धरून ठेवू शकत नाही आणि गेलेला पत्रा परत आणत नाही. जिथे गोंद बसणार त्या काठावर ते सांडू देत नाही; गोंदाला उघडं, स्वच्छ लोखंडच हवं. ते सुकेपर्यंत जेवण.

दुपारी २.००

२२ गेजच्या पत्र्यातून ठिगळ कापतो. ते चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर मोठं ठेवतो आणि कमानीच्या गोलाईवर हलक्या हातोडीने बसवतो. जुन्या पत्र्याचा काठ पायरीसारखा किंचित आत दाबला की ठिगळ वर उठून दिसत नाही. गोंद न लावता एकदा सगळं बसवून पाहायचं, रिव्हेटची भोकं पाडून घ्यायची, मग उतरवायचं. दोन्ही काठ ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करतो, म्हणजे गोंदाला पकड मिळते. शेवटी थिनरने पुसून घेतल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही सांधा कमजोर करतं.

दुपारी ३.००

इपॉक्सीचे दोन भाग, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा पोरांचा समज मी पहिल्याच दिवशी मोडतो. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि सांधा मऊ राहतो. दुपारच्या उन्हात मिश्रण पटकन घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं.

दोन्ही काठांवर गोंद पसरतो, रिव्हेट मारतो. रिव्हेटचं काम फक्त गोंद सुकेपर्यंत पत्रा धरून ठेवण्याचं. काठातून गोंदाची सलग रेघ बाहेर आली की आत पोकळी उरली नाही याची खात्री पटते. काठाला शिकंजा लावला तर तो मात्र कचकचून आवळायचा नाही. सगळा गोंद बाहेर आला तर आत धरायला काय राहणार?

गोंद म्हणजे तात्पुरती सोय, असं गिऱ्हाईक धरून चालतं. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस या ब्रिटिश गाडीचा अॅल्युमिनियमचा सांगाडाच इपॉक्सीने जोडलेला आहे. पण तो कारखान्यात, भट्टीची उष्णता देऊन पक्का केलेला. माझ्या शेडमध्ये ती सोय नाही, म्हणून गोंदावर विश्वास असूनही भार पेलणारी जागा मी सोडून देतो.

दुपारी ४.००

उजवी बाजू रात्रभर तशीच राहील. आता डावीकडे लांबी, म्हणजे पुटी, भरायची. रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत घासून घेतो, इपॉक्सी प्रायमर मारतो, आणि तो वाळल्यावर लांबीचा पातळ हात देतो. ८०, १८०, ३२० अशा क्रमाने पेपर मारत तळहाताने गोलाई तपासतो. डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

थेट भोकात लांबी कोंबून वर रंग मारणारे पुष्कळ आहेत. लांबी पाणी पिते. मागून ओल आली की वर्षभरात तिथे पुन्हा फुगवटा येतो, आणि तोवर गाडी बहुधा दुसऱ्याला विकलेली असते. जुनी गाडी घेताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. तो कमानीवर जिथे धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी किंवा पत्र्यावर लांबीचा जाड थर असावा.

संध्याकाळी ५.३०

मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम गाडीखाली झोपून करायचं असतं. सांध्याच्या पाठीमागे सीलंट, त्यावर अंडरकोटिंग, दुमडीत पातळ मेण. दारांच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात. ती तारेने मोकळी करतो. अंडरकोटिंग मारताना तीच बुजवली, तर सगळी मेहनत पाण्यात गेली.

संध्याकाळी ६.३०

गुरुजी येतात. डावी बाजू हाताने चाचपतात. “किती वर्षं टिकेल रे?”

“गुरुजी, वर्षं मी नाही सांगत. ती तुमच्या हातात आहेत. समुद्राकडून आलात की कमानी आतून गोड्या पाण्याने धुवा. ओल्या मॅट उन्हात टाका. पावसाळा संपला की सांध्यांच्या कडा बघा.”

१९८३ मध्ये आलेलं हे मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं. या गाडीला आता नवी बॉडी मिळणार नाही. आहे तीच जपायची. म्हणून प्रत्येकाला सांगतो तेच गुरुजींनाही सांगतो: रंग जरासा फुगायला लागला, की फुगवटा नखाएवढा होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात गाडी आणा. तेव्हा बहुतेक वेळा ब्रश आणि प्रायमरवर काम भागतं, ग्रायंडर काढावा लागत नाही.